‘रन’ म्हणजे कोणता ‘रन’?

रुग्णालयांच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी मोठी यंत्रं असतात, त्यांच्या पडद्यावरचे शब्द वेगवेगळ्या भाषांत आणून घेणं हे माझं काम. भाषांतर मी स्वतः करत नाही. पुण्यातल्या ऑफिसात बसून इंग्रजी मजकूर भाषांतरकारांकडे पाठवायचा, त्यांच्या शंका गोळा करायच्या, यंत्र बनवणाऱ्या इंजिनियरांच्या मागे लागून उत्तरं काढायची आणि शेवटी प्रत्येक शब्द पडद्यावर आपल्या जागी नीट बसलाय का ते पाहायचं. आमच्या धंद्यात याला लोकलायझेशन म्हणतात. माझ्या वाट्याला बाल्टिक समुद्राकाठच्या तीन देशांच्या भाषा आल्या आहेत. त्यातल्या लिथुआनियनने मला जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच भाषेने शिकवलं नाही.

शंका एका सामायिक तक्त्यात येतात. त्याला आम्ही क्वेरी शीट म्हणतो. लिथुआनियनच्या क्वेरी शीटमध्ये वर्षानुवर्षं एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: ‘इथे रन म्हणजे कोणता रन?’

नव्या इंजिनियरला हे उगाच काढलेलं खुसपट वाटतं. ‘रन’ तर शाळेत पहिल्या काही धड्यांतच येतो, त्यात विचारण्यासारखं काय आहे? पण इंग्रजीत सगळ्यांत जास्त पसरलेलं क्रियापद कदाचित हेच असेल. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या 1989च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने तिला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या कोशकारांनी नऊएक महिने या एका क्रियापदावर घालवले आणि त्याचे 645 अर्थ वेगळे काढले. नाम म्हणून ‘रन’ जिथे जिथे येतो ते यात धरलेलंच नाही. यंत्रयुग आलं तसतसा हा शब्द इंजिनाला, गाडीला, छापखान्याला आणि मग संगणकाला लागत गेला. धावणाऱ्या माणसासाठी जन्मलेलं क्रियापद हळूहळू जे जे थांबलेलं नाही त्या सगळ्याचं झालं.

मराठी माणूस हे सगळे अर्थ न अडखळता समजतो, कारण समजताना तो त्यांना मनातल्या मनात वेगवेगळ्या घरांत टाकत असतो. इंग्रजीत नळ, नाक, दुकान, बस आणि उमेदवार हे सगळे ‘रन’च करतात. आपल्याकडे नळाला पाणी येतं, नाक वाहतं, दुकान चालतं, बस सुटते. निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार धावतो, इंग्लंडमधला उभा राहतो. आपला उभाही राहतो आणि लढतोही. ‘रन’चं सरळसरळ धावणं आपण फक्त क्रिकेटमध्ये पूर्णपणे आपलंसं केलं. धावफलक, धावसंख्या, धावचीत हे शब्द आता भाषांतर वाटतच नाहीत, आणि रेडिओवर बाळ ज. पंडितांचं धावतं समालोचन ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला तर ते कधीच वाटले नसतील.

लिथुआनियन या बाबतीत मराठीपेक्षाही काटेकोर आहे. (पुढचे लिथुआनियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत, उच्चार थोडे इकडेतिकडे होतील.) माणूस धावतो त्याला ‘बेग्ती’. नदी वाहते त्याला ‘तेकेती’. यंत्र काम करतं तेव्हा ‘वेइक्ती’. संगणकाला दिलेली आज्ञा अमलात आणणं म्हणजे ‘वीक्दीती’. एखादी गोष्ट सुरू करून सोडून देणं ‘पालेइस्ती’. बस, ट्रॉलीबस, मोटार यांच्यासाठी ‘वाझुओती’. घड्याळ मात्र ‘एइना’, म्हणजे जातं. संस्था सांभाळणं ‘वादोवाउती’, निवडणुकीला उभं राहणं ‘कांदिदातुओती’. कागद किंवा साखर संपली तर ‘बाइगेसी’, संपलं, एवढंच. त्यात धावाधाव नाही. अंगात ताप असणं याला तर एक स्वतंत्र क्रियापदच आहे, उष्णतेच्या शब्दावरून घडवलेलं.

हे वाचून वाटेल की लिथुआनियन माणूस इंग्रजापेक्षा कमी धावतो. तसं नाही, तो वेगळ्या ठिकाणी धावतो. शेगडीवर दूध उतू गेलं की लिथुआनियन घरात म्हणतात ‘प्येनास इश्बेगो’, दूध धावत बाहेर गेलं. इंग्रजीत ते नुसतं उकळून वर येतं. वेळही तिथे धावतो. पायमोज्याचा एक टाका सुटून उभी रेघ पडली की ‘नुबेगो आकिस’: डोळा धावत खाली गेला. विणलेल्या कापडाच्या प्रत्येक फासाला ती भाषा डोळा म्हणते. तो ‘आकिस’ आणि आपल्या संस्कृतातला ‘अक्षि’ एकाच मुळाचे आहेत. लिथुआनियात भारतीय माणूस दिसला की कोणी ना कोणी अशी जोडी कौतुकाने सांगतंच: त्यांचा ‘उग्निस’ आणि आपला अग्नी, त्यांचा ‘सूनुस’ आणि संस्कृतातला सूनु. ऐकायला फार छान वाटतं आणि मी दर वेळी मनापासून ऐकते. पण या नात्याने क्वेरी शीटमधली एकही ओळ सुटत नाही. तिथे फक्त एवढंच कामाला येतं, की हा शब्द कोण, कुठे, काय करताना वाचणार आहे.

आणि आमच्या यंत्रावर तो शब्द नेमका कुठे कुठे आहे? एक बटण, त्यावर ‘रन’. ते दाबलं की तपासणी सुरू होते. त्याच पडद्यावर कोपऱ्यात यंत्राची स्थिती: ‘रनिंग’. डावीकडच्या यादीत मागच्या ‘रन्स’. एका खिडकीत ‘ड्राय रन’, म्हणजे नमुन्याशिवाय नुसतं यंत्र चालवून पाहणं. द्रव संपत आला की ‘रनिंग लो’. तपासणीला लागणारा वेळ ‘रन टाइम’. आणि गुणवत्तेच्या पानावर एक लाल बटण: ‘रिजेक्ट रन’.

या शेवटच्या बटणाबद्दल सविस्तर सांगायला हवं. प्रयोगशाळेत रुग्णांचे नमुने लावण्याआधी कंट्रोल लावतात. कंट्रोल म्हणजे ज्यात कुठला घटक किती आहे हे आधीच माहीत आहे असा द्रव. यंत्राने त्याचं उत्तर बरोबर दिलं तर पुढच्या उत्तरांवर विश्वास ठेवायचा. किती चुकलं म्हणजे चुकलं, याचे नियम जेम्स वेस्टगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली मांडले आणि ते जगभर वापरात आहेत. कंट्रोलचं एक उत्तर सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या पलीकडे गेलं, किंवा लागोपाठ दोन उत्तरं एकाच बाजूला दोन प्रमाण विचलनांच्या पलीकडे गेली, की तो ‘रन’ नाकारायचा. इथे ‘रन’ म्हणजे चालणं नाही आणि धावणंही नाही. ज्या टप्प्यात यंत्राची अचूकता एकसारखी राहील असं आपण धरून चालतो, तो तपासण्यांचा एक गट म्हणजे हा ‘रन’. तो नाकारला की त्या गटातल्या सगळ्या रुग्णांचे रिपोर्ट अडवायचे, बिघाड शोधायचा, नमुने पुन्हा लावायचे. एखाद्याचं पोटॅशियम, एखाद्या बाळंतिणीची रक्तशर्करा त्या लाल बटणामागे उभी असते.

आता आमच्या कामाची रीत पाहा. भाषांतराची सॉफ्टवेअरं पूर्वी केलेलं प्रत्येक वाक्य साठवून ठेवतात. तेच इंग्रजी वाक्य पुन्हा आलं की जुनं भाषांतर आपोआप भरलं जातं. याला आम्ही शंभर टक्के मॅच म्हणतो. नव्या शब्दाला पूर्ण दर मिळतो, अशा मॅचला फारच थोडा, कित्येकदा काहीच नाही. त्यामुळे तिकडे कोणी पाहत नाही. पाहायला वेळ दिलेलाच नसतो. लांब वाक्याला ही पद्धत उत्तम आहे. पण एकाच शब्दाची ओळ असेल तर तिच्यात संदर्भ उरतच नाही, आणि शब्द ‘रन’ असेल तर तो सगळीकडे एकच चेहरा घेऊन येतो. पैसे वाचवण्याची ही रीत ज्यांनी घातली त्यांनी वाक्यांचा विचार केला, बटणांचा केला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मी दर वर्षी दराच्या चर्चेत मांडतेही.

एका आवृत्तीत याच रीतीने लाल बटणावर ‘आत्मेस्ती वीक्दीमा’ येऊन बसलं होतं. शब्दशः: अंमलबजावणी नाकारा. लिथुआनियन मजकुराचं परीक्षण करणाऱ्या बाईंनी ते अडवलं. या बाई पूर्वी कित्येक वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करत होत्या. नंतर भाषेच्या कामाकडे वळल्या. क्वेरी शीटमध्ये त्यांनी नेहमीचा प्रश्न लिहिला आणि खाली दोन ओळी जोडल्या. त्यांचा आशय असा होता: ‘रात्रपाळीची मुलगी हे वाचून समजेल की यंत्राने तिची आज्ञा घेतली नाही. ती पुन्हा सुरू करायचं बटण दाबेल. मधल्या वेळात आधीचे रिपोर्ट वॉर्डात पोहोचलेले असतील.’

इंजिनियरांच्या बैठकीत मी ती टीप आधी इंग्रजीत वाचून दाखवली, मग पुण्याच्या सहकाऱ्यांना मराठीत. त्यानंतर कोणी खुसपट हा शब्द काढला नाही. ती आवृत्ती बाजारात जाण्याआधीच थांबवली आणि ‘रन’ असलेली प्रत्येक ओळ आम्ही हाताने उघडली.

ते काम पुढे बरेच दिवस चाललं आणि मला आजवर केलेल्या कामांत ते सर्वांत आवडतं आहे. प्रत्येक ओळीसाठी पडद्याचं चित्र काढायचं, बाईंना पाठवायचं, त्या विचारणार: हे करणारा माणूस आहे की यंत्र? हे चालू आहे की होऊन गेलंय? हे मोजता येतं का? सुरू करायच्या बटणाला ‘पालेइस्ती’ ठरलं. लिथुआनियन पडद्यावर आज्ञा मूळ क्रियापदाच्या रूपात लिहितात, ‘सुरू करणे’ अशी. आपण ‘सुरू करा’ म्हणून समोरच्याला आदराने सांगतो. स्थिती दाखवणाऱ्या ‘रनिंग’ला बाईंनी ‘वीक्स्ता’ दिलं, म्हणजे घडतंय, चालू आहे. मला कुतूहल वाटलं, कारण आज्ञा अमलात आणणं ‘वीक्दीती’ होतं. बाईंनी समजावलं की दोन्ही एकाच धातूचे आहेत, एक आपणहून होतं आणि दुसरं करवलं जातं. मग मी त्यांना आपलं ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ सांगितलं. त्या खूश झाल्या. मीही.

लाल बटणातल्या ‘रन’ला ‘सेरिया’ हा शब्द ठरला. म्हणजे मालिका, गट. ‘आत्मेस्ती सेरिया’ वाचून काय नाकारायचं याबद्दल शंका उरत नाही. पण शब्द बदलला की त्याचं लिंग बदलतं. ‘कम्प्लीटेड’ ही एकच इंग्रजी ओळ तपासणीलाही लागत होती आणि गटालाही. लिथुआनियनमध्ये तपासणी पुल्लिंगी, तिच्यापुढे ‘बाइग्तास’. ‘सेरिया’ स्त्रीलिंगी, तिच्यापुढे ‘बाइग्ता’. इंजिनियरांना हे पटवायला मला मराठीच कामी आली: अहवाल पूर्ण झाला, फेरी पूर्ण झाली, काम पूर्ण झालं. बैठकीतला कोल्हापूरचा एक मुलगा लगेच म्हणाला, ‘मॅडम, मग एक ओळ कशी पुरेल?’ नाहीच पुरत. त्या एकीच्या दोन ओळी झाल्या.

संख्यांचा मामला आणखी लांबला. मराठीत एक फेरी, बाकी सगळ्या फेऱ्या. लिथुआनियनमध्ये एक ‘सेरिया’, दोन ते नऊ ‘सेरियोस’, दहा ते वीस ‘सेरियू’, आणि एकवीसला पुन्हा एकवचन: एकवीस ‘सेरिया’. बावीसला परत ‘सेरियोस’, तीसला ‘सेरियू’. शेवटचा आकडा काय आहे त्यावर रूप ठरतं, मधले अकरा ते एकोणीस तेवढे वेगळे. ज्या प्रोग्रॅममध्ये ‘एक असेल तर हे, नाहीतर ते’ एवढंच लिहिलं आहे, तो लिथुआनियन मोजूच शकत नाही. हे दुरुस्त करायला सॉफ्टवेअरच्या आत हात घालावा लागला. तिथल्या मुलांनी तो घातला याबद्दल मला त्यांचा आदर आहे, कारण वेळेची तंगी त्यांनाही होती.

याच कामासाठी कंपनीने मला काही महिने लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसला पाठवलं. राहायची सोय साउलेतेकिस नावाच्या भागात होती, शहराच्या ईशान्येला. विद्यापीठाच्या इमारती आणि वसतिगृहं तिथे आहेत, भोवती पाइनची झाडं. डिसेंबरात विल्नियसचा सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. सकाळी बसथांब्यावर मी पोहोचायचे तेव्हा काळोख असायचा, दिव्यांच्या उजेडात थांब्याचं नाव वाचायचं. ‘साउले’ म्हणजे सूर्य हे मला माहीत होतं. ‘तेकिस’ काय, हे एकदा थांब्यावर बाई बरोबर असताना त्यांना विचारलं.

त्या म्हणाल्या, ‘तुमच्याच शीटमधला शब्द आहे. तेकेती. नदी वाहते तो.’

लिथुआनियनमध्ये सूर्य उगवत नाही, वाहतो: ‘साउले तेका’. सूर्योदयाचं नाव साउलेतेकिस. नेरिस नदी विल्नियसमधून वाहते त्यालाही ‘तेका’. आणि मुलीचं लग्न होतं तेव्हा ती ‘इश्तेका’, म्हणजे वाहत बाहेर जाते. मुलगा लग्न करतो त्याचं क्रियापद ‘वेस्ती’, हाताला धरून नेणे. संस्था चालवण्याचं ‘वादोवाउती’ आणि पुढाऱ्याचा ‘वादोवास’ त्याच नेण्याच्या मुळातून निघालेले. अभ्यासक ‘तेकेती’चं मूळ संस्कृतातल्या, वेगाने जाणं सांगणाऱ्या ‘तक्’ धातूशी जोडतात. बाई हे सगळं एका दमात सांगत होत्या. मी बस सोडली आणि त्यांच्याबरोबर पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेले.

मुलगी वाहत जाते आणि मुलगा नेतो, हे ऐकून मला सासरी जाण्याची आपली भाषा आठवली आणि थोडं टोचलंही. बाईंना तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, की आजच्या मुली तेच क्रियापद वापरतात, पण ते वापरताना नदी कोणाच्या मनात नसते. आणि पडद्यावर वैवाहिक स्थितीचा रकाना आला की स्त्रीसाठी एक रूप, पुरुषासाठी वेगळं, हे मात्र त्या प्रोग्रॅमरला सांगायला विसरत नाहीत.

बाईंकडे या सगळ्याचा आधार म्हणजे लिथुआनियन भाषेचा मोठा कोश. वीस खंड. पहिला 1941 साली आला, शेवटचा 2002 साली. त्याआधी चार दशकं काझीमिएरास बूगा या भाषापंडिताने शब्दांच्या चिठ्ठ्या जमवायला सुरुवात केली होती. पहिला खंड आला त्या वर्षात देश एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे गेला, 1944नंतरची पंचेचाळीसएक वर्षं तो सोव्हिएत संघात होता, आणि कोश चालूच राहिला. ‘बेग्ती’ पहिल्याच खंडात आहे. आता तो कोश संगणकावर कोणालाही उघडता येतो. बाई एखाद्या शब्दावर अडल्या की आधी तिथे जातात, मग राज्य भाषा आयोगाने मान्य केलेल्या संज्ञा पाहतात आणि त्यानंतरच मला विचारतात.

एवढा आग्रह कुठून आला हे कौनास शहरात कळतं. तिथल्या युद्ध संग्रहालयाच्या बागेत पाठीवर ओझं घेतलेल्या माणसाचा पुतळा आहे. तो ‘क्निग्नेशिस’, पुस्तकं वाहून नेणारा. 1864 ते 1904 अशी चाळीस वर्षं रशियन झारच्या राज्यात रोमन लिपीत लिथुआनियन छापायला बंदी होती. पुस्तकं शेजारच्या पूर्व प्रशियात, तिल्झेसारख्या गावांत छापली जात आणि शेतकरी, कारागीर, बायका ती सीमेवरून लपवून आणत. पकडलेल्यांना तुरुंग होता, सायबेरिया होता. युर्गिस बिएलिनिस हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. 16 मार्च हा त्याचा जन्मदिवस तिथे पुस्तकवाहकांचा दिवस म्हणून पाळतात. ज्या भाषेतलं प्रार्थनेचं पुस्तक बाळगल्याबद्दल माणसं तुरुंगात गेली, त्या भाषेतली माणसं यंत्रावरचा एक शब्द सैल सोडणार नाहीत, हे मला त्या बागेत उभं राहिल्यावर स्वाभाविक वाटलं.

अभिमानाला त्यांनी कायद्याचीही जोड दिली. 1995 साली राज्यभाषेचा कायदा झाला. 2004मध्ये देश युरोपीय संघात गेला आणि लिथुआनियन संघाच्या अधिकृत भाषांपैकी एक झाली. आज अशा 24 आहेत. शरीराबाहेर तपासणी करणाऱ्या वैद्यकीय साधनांचा जो युरोपीय नियम 26 मे 2022पासून लागू झाला, त्यानुसार साधनाबरोबरची माहिती कोणत्या भाषेत हवी हे सदस्य देश ठरवतो. लिथुआनियाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत आहे, एकट्या पुणे शहरापेक्षा कमी. तरी त्यांच्या भाषेत माहिती नसेल तर यंत्र तिथे विकता येत नाही, म्हणून ‘इथे रन म्हणजे कोणता रन’ या प्रश्नाला उत्तर मिळतं. बाईंची टीप ऐकली गेली ती टीप चांगली होती म्हणून, आणि ती ऐकणं भाग होतं म्हणूनही.

2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते. आमच्या यंत्राच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. कोणी मागितली नाही, कोणत्या नियमाने भाग पाडलं नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं आणि ते लपवावं असं वाटत नाही. माझी मावसबहीण सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी प्रयोगशाळेत काम करते. तिचा अभ्यासक्रम इंग्रजीत, यंत्र इंग्रजीत, रिपोर्ट इंग्रजीत. ती हुशार आहे, तिचं काही अडत नाही. पण रात्री दोन वाजता लाल बटणासमोर बसलेल्या मुलीचा विचार कौनासमध्ये होतो आणि सांगलीत होत नाही, हा फरक भाषेच्या ताकदीचा नाही. ‘चालणे’, ‘चालवणे’, ‘चालू’, ‘चालतं’, ‘चालेल’ एवढी ऐपत असलेल्या भाषेला शब्द कमी पडतील असं मी मानत नाही. तिला कोणी कामाचा प्रश्न विचारलेला नाही.

म्हणून विल्नियसहून परत आल्यावर मी शीटमध्ये मराठीचा एक रकाना माझ्यापुरता जोडला. कंपनीने तो मागितलेला नाही. सुट्टीच्या दिवशी भरते. बटण: ‘सुरू करा’. स्थिती: ‘तपासणी चालू आहे’. ड्राय रन: ‘नमुन्याशिवाय चाचणी’. रनिंग लो: ‘द्रव संपत आला’. हे पटापट झालं. लाल बटणावर अडले आणि बहिणीला फोन केला.

‘ताई, आम्ही रन वगैरे म्हणत नाही गं,’ ती म्हणाली. ‘लावलं म्हणतो. सकाळचं लावलं, दुपारचं लावायचंय.’

मला हे फार आवडलं, पण ‘लावलेलं नाकारा’ असं बटणावर लिहिता येत नाही. तिथे नामच हवं. ‘फेरी’ म्हटलं तर यंत्राचं फिरणं डोळ्यांसमोर येतं, नमुने येत नाहीत. ‘पाळी’ लावली तर कामाची पाळी की बाईची पाळी, असा गोंधळ दवाखान्यात तरी परवडणार नाही. बहिणीने ‘घाणा’ सुचवला: तेलाचा, भज्यांचा घाणा काढतात, एका वेळी एकत्र निघालेलं ते सगळं. अर्थ अगदी बरोबर बसतो, एक घाणा बिघडला की सगळाच टाकायचा. पण रक्ताच्या नळ्यांशेजारी त्या शब्दात घाण ऐकू येते, आणि आम्ही दोघींनी तो हळहळत सोडला. ‘गट’ चालला असता, पण गट रुग्णांचाही असतो, रक्ताचा तर असतोच.

शेवटी ‘खेप’ निघाली. गाडीने दोन खेपा केल्या, मालाची दुसरी खेप आली. खेपेत एका वेळेचं जाणंही आहे आणि त्या वेळी बरोबर आलेलं सगळंही आहे. इंग्रजी ‘रन’च्या या अर्थाला मला आतापर्यंत सापडलेला सर्वांत जवळचा शब्द हाच. मी बाईंना तो समजावून सांगितला तेव्हा त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न टाकला: वाचणारी मुलगी काय करेल? ते अजून पाहिलेलं नाही. बहीण पुढच्या आठवड्यात तिच्या प्रयोगशाळेतल्या दोघींना पडद्याचं चित्र दाखवणार आहे, कोणतीही प्रस्तावना न करता. ‘खेप नाकारा’ वाचून त्या रिपोर्ट अडवतात की पुन्हा सुरू करायचं बटण शोधतात, ते ती मला कळवेल. दुसरं झालं तर रकाना पुसून नवा शब्द शोधायचा.